गाव सोडणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी : गोव्याच्या चाळीस आमदारांना खुलं पत्र

सन्माननीय सदस्य,
गोवा विधानसभा, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या साखळी गावच्या बाजारात मी अर्ज भरून देण्याचं दुकान चालवते. झेरॉक्स, फोटो, पासपोर्टची अपॉइंटमेंट, पोलीस क्लिअरन्स, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, गृहिणींसाठीच्या गृह आधार योजनेचे कागद, सगळं एकाच टेबलावर होतं. डिचोली आणि सत्तरीतल्या गावांतली माणसं माझ्याकडं येतात. कोणाच्या घरातलं कोण बाहेर चाललंय, हे त्या गावच्या पंचाआधी मला कळतं. का चाललंय, तेही बरंचसं कळतं, कारण अर्ज भरता भरता माणूस मन मोकळं करतो.

पत्र लिहायचं कारण एक वाक्य. "इथं कामं पडून आहेत, पण आमच्या पोरांना इथं घाम गाळायला नको, तिकडं जाऊन भांडी घासतील." प्रचारसभेत हे ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, टीव्हीवरच्या चर्चेतही ऐकलं. दरवेळी टाळ्या पडतात किंवा माना डोलतात. माझ्यासमोर बसून अर्ज भरणारी मुलं हे वाक्य ऐकत मोठी झाली आहेत, आणि ते त्यांच्यावर अन्याय करणारं आहे, म्हणून मला त्याचा राग येतो.

त्यातला पहिला गैरसमज असा की बाहेर जाणं हा दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याचा, ख्रिस्ती घरांचा आणि पोर्तुगीज पासपोर्टचा विषय आहे, डोंगराकडच्या तालुक्यांना त्याच्याशी देणंघेणं नाही. गोव्यातला माणूस पिढ्यान् पिढ्या बाहेर जातोय. कोणी तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी झाला, कोणी मोझांबिक-नैरोबीला गेला, तेल निघाल्यावर कुवेतला गेला. आमच्या बाजूची हिंदू घरं मुंबईला जात. माझ्या आजोबांच्या पिढीत घरटी एक माणूस मुंबईच्या पेढीवर, गिरणीत नाहीतर नातेवाइकाच्या खोलीत असायचाच. आज त्याच घरांतली नातवंडं क्रूझवर आहेत, मस्कतला आहेत, इस्रायलला म्हाताऱ्यांची सेवा करतायत, आयर्लंडला गोदामात आहेत. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्या माणसाला आणि त्याच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मागता येतं, आणि हा हक्क कोणाच्या धर्मावर अवलंबून नाही. आजोबांचं नाव जुन्या जन्मनोंदीत एका स्पेलिंगनं, वडिलांच्या दाखल्यावर दुसऱ्या आणि नातवाच्या मार्कलिस्टवर तिसऱ्याच स्पेलिंगनं, असे कागद घेऊन येणारे परब, गावस, गावकर माझ्या टेबलापुढं नेहमीचे झाले आहेत.

दुसरा गैरसमज पैशाचा. पगारातला फरक मोठा आहे, ते कोण नाकारेल? पण नुसता पैसा हेच कारण असतं, तर सगळ्यात गरीब घरं सगळ्यात आधी रिकामी झाली असती. तसं होत नाही. ज्यांच्याकडं काहीच नाही ते जाऊ शकत नाहीत. पासपोर्ट, मेडिकल, शिक्के, तिकीट, एजंट, जहाजावर जायचं तर आधी कोर्स आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदणी पुस्तक, याला हातात रक्कम लागते. म्हणून जातात ते मधल्या घरांतले: ज्यांच्याकडं गहाण ठेवायला चार बांगड्या आहेत, ज्यांचा मुलगा बारावी किंवा आयटीआय शिकलाय, ज्यांना बाहेर कोणीतरी ओळखीचं आहे. शिक्षण वाढलं की जाणारे कमी होतील असं तुम्हाला वाटत असेल, तर माझा अनुभव उलटा आहे. शिकलेल्याला अर्ज भरता येतो, बाहेरचं जग दिसतं, आणि आपल्या शिक्षणाला इथं काय भाव मिळतो हेही दिसतं.

मग माणूस कशासाठी जातो? माझं उत्तर असं: पुढच्या पाच वर्षांचा हिशेब मांडता यावा म्हणून. इथं तो मांडता येत नाही.

वाळपईकडचा एक मुलगा क्रूझच्या कामासाठी कागद करायला आला होता. तेव्हा तो औषधांच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडं होता, महिना सतरा-अठरा हजारांवर. त्यानं एका वाया गेलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर दोन रकाने पाडले. एका बाजूला जहाज: नऊ महिन्यांचा करार, चढायची तारीख, उतरायची तारीख, महिन्याचे डॉलर, मधली सुट्टी, पुन्हा करार. दुसऱ्या बाजूला कारखाना. तिथं त्यानं पगार लिहिला आणि पेन थांबलं. अकरा महिन्यांनी ठेकेदार ठेवील की काढील, कायम करतील की नाही, पाळी कुठली येईल, यातलं काहीच त्याला लिहिता येईना. त्याच्या आईनं मला विचारलं, "बाई, घराचं कर्ज कुठच्या रकान्यावर काढू?" बँकेनंही तिला तेच विचारलं असतं.

आता हीच गोष्ट खाणींच्या भागात किती मोठ्या प्रमाणावर झाली ते बघा. मी पाळी गावची. आमच्याकडं शेती होती, पण खाणीचा गाळ शेतात उतरला तशी ती मागं पडली आणि सगळं गाव टिपरवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांवर आलं. 5 ऑक्टोबर 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. त्याआधी सप्टेंबरात राज्य सरकारनंच काम बंद केलं होतं. माझ्या भावानं टिपर कर्जावर घेऊन थोडाच काळ झाला होता. खाणींत गैरव्यवहार झाला नाही असं मी म्हणत नाही. तो झाला, आणि त्याचा पहिला मार आमच्याच विहिरींनी आणि शेतांनी खाल्ला. पण ज्यानं गैरव्यवहार केला नव्हता त्याचाही हप्ता थांबला नाही. 2014 च्या एप्रिलात न्यायालयानं वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली. पुढं खाणी हलल्या, भावानं टायर बदलले, विमा भरला, रंग काढला. 7 फेब्रुवारी 2018 ला 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून सगळं पुन्हा बंद. कर्जदारांसाठी योजना आल्या, काहींना आधार झाला, ते मान्य करायला हवं. पण सहा वर्षांत दोनदा ज्याचा धंदा एका तारखेला बसला, त्या माणसाचा "लवकरच सुरू होईल" या शब्दांवर विश्वास कसा बसावा? 2022 च्या डिसेंबरात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, 2024 मध्ये डिचोलीचा पट्टा चालू झाला. तोपर्यंत आमच्या वाड्यावरचे किती तरी चालक आखातात ट्रेलर चालवत होते. त्यांना परत या म्हणणारा कोणी त्यांच्या हातात दहा वर्षांची हमी देऊ शकत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

माझा भाऊही त्यांतलाच. पहिल्यांदा तो फसला. एजंटानं अवजड वाहनाच्या चालकाचं काम सांगितलं, पैसे घेतले, आणि तिथं उतरल्यावर त्याच्या हातात गोदामातली हमाली आली, पगारही ठरल्यापेक्षा कमी. निघायच्या आदल्या संध्याकाळी दाखवलेला करार आणि तिथं सही करायला लावलेला करार, दोन वेगळे होते. काही महिन्यांनी तो स्वतःच्या खर्चानं परत आला. आईनं देवापुढं नारळ ठेवला, आता कुठं जाणार नाही म्हणून. वर्षभरात तो पुन्हा गेला, या वेळी कतारला, शेजारच्या वाड्यावरच्या एका माणसाच्या ओळखीनं. फसलेला माणूस पुन्हा का जातो, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "तिथं एकदा फसलो. इथं दोनदा."

1990 च्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं तेव्हा हजारो गोवेकर हातातल्या पिशवीनिशी घरी आले. कुवेत सुटल्यावर त्यांतले पुष्कळ परत गेले. 2020 मध्ये जहाजं बंद पडली, आमची मुलं महिनोन् महिने समुद्रात अडकली, त्यांच्या आया मुख्यमंत्र्यांना हात जोडत होत्या. जहाजं सुरू झाली आणि तीच मुलं पुन्हा चढली. धोका माहीत नसतो म्हणून लोक जातात, हे म्हणणं त्यामुळं मला पटत नाही. त्यांना धोका माहीत असतो. घरातला प्रत्येक माणूस एकाच आधारावर उभा राहिला तर तो आधार गेल्यावर सगळं घर पडतं, हेही त्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून घर एकाला बाहेर पाठवतं, एकाला सरकारी नोकरीच्या रांगेत उभं करतं आणि एकाला काजूच्या बागेत ठेवतं. बाहेर जाण्याचा निर्णय एकट्या पोराचा नसतो. तो स्वयंपाकघरात, आईच्या, बायकोच्या, थोरल्या भावाच्या समोर होतो. मुलीचे वडीलही त्यात असतात. स्थळ आलं की "मुलगा काय करतो" याच्या पाठोपाठ "कायम आहे का" हे विचारलं जातंच.

सरकारी नोकरीची रांग हा तर वेगळाच घाव आहे. गावात आजही मोठा समज असा की आमदाराच्या दारात उभं राहिल्याशिवाय नोकरी लागत नाही. तुम्ही म्हणाल, आता कर्मचारी निवड आयोग आहे, परीक्षा संगणकावर होते. आयोग आला ते चांगलंच झालं, मी मुलांचे अर्ज तिथं भरते. पण 2024 च्या अखेरीस नोकरी लावतो म्हणून लाखो रुपये उकळणाऱ्यांना एकामागून एक अटक झाली, तेव्हा गावातल्या लोकांनी त्यातून काय शिकावं? पैसे देणारे मूर्ख होते असं म्हणून सोडून देऊ नका. त्यांनी पैसे दिले कारण असं होतं यावर त्यांचा विश्वास होता. जो मुलगा अशा सौद्यात पडत नाही, ज्याच्या घरची तेवढी ऐपत किंवा ओळख नाही, त्याला एजंटाचे पैसे स्वस्त वाटतात. तिथं निदान पासपोर्टवर शिक्का बसतो.

आणि जमीन. सत्तरीची माणसं उतारा काढायला येतात तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही. तीन पिढ्या काजू लावलेला डोंगर, आजोबांनी बांधलेलं घर, आणि एक-चौदावर नाव दुसऱ्याचंच, नाहीतर सरकारचं. जुन्या राजवटींत लागवडीसाठी किंवा इनाम म्हणून दिलेल्या आल्वारा आणि मोकासो जमिनींचा प्रश्न तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सत्तरीतल्या शेळ-मेळावलीत 2021 च्या जानेवारीत बायका आयआयटीसाठीच्या जमिनीच्या मोजणीपुढं रस्त्यावर झोपल्या, त्या शिक्षणाच्या विरोधात नव्हत्या. ज्या जमिनीवर त्या जगत होत्या तिचा कागद त्यांच्याकडं नव्हता, एवढंच. प्रकल्प तिथून हलला. कागदाचा प्रश्न अजून उरलाच आहे. उताऱ्यावर नाव नसेल तर पीककर्ज मिळत नाही, अनुदान अडतं, घराला खोली वाढवायची परवानगी अडते. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा मुंडकार कायदा 1975 चा आणि कूळ कायदा 1964 चा, म्हणजे माझ्या वयाहून जुने. तरी मामलेदार कचेरीत पुढची तारीख घेऊन म्हातारे अजून माझ्याकडं झेरॉक्सला येतात, आणि त्यांचे मुलगे त्याच टेबलावर पासपोर्टचा अर्ज भरतात. ज्याच्या पायाखालची जमीन त्याच्या नावावर नाही, त्याला मातीचं प्रेम शिकवायला कोणी जाऊ नये.

2023 मध्ये तुम्ही भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदा केलात. चांगला कायदा आहे, मी त्याच्या बाजूनं आहे. पण विकायची नाही आणि कसायला घरात माणूस नाही, अशा शेतात आता रान माजलंय. त्याचं पुढं काय, हे कायद्यात नाही.

जाणाऱ्यांना थांबवा असं मी म्हणत नाही. जायचा हक्क त्यांचा आहे, आणि बाहेरून आलेल्या पैशानंच आमच्या किती तरी घरांवर कौलाच्या जागी स्लॅब आलाय, बहिणींची लग्नं झालीत, म्हाताऱ्यांची ऑपरेशनं झालीत. माझं म्हणणं इतकंच की जाणाऱ्याला आज सरकार दिसतच नाही. ना जाताना, ना गेल्यावर, ना परतल्यावर.

जाताना काय होतं ते सांगते. 1983 च्या स्थलांतर कायद्याप्रमाणं आखातासह 18 देशांत कामाला जाणाऱ्याला आधी सरकारी मंजुरी लागते, पण ती फक्त ईसीआर पासपोर्टवाल्याला, म्हणजे ढोबळमानानं दहावी न झालेल्याला. तेव्हा त्याचा करार कोणीतरी सरकारी माणूस निदान बघतो, त्याचा 10 लाखांचा प्रवासी भारतीय विमा निघतो. आपल्या गोव्यात बहुतेक मुलं दहावी झालेली असतात. म्हणून त्यांना ती मंजुरी लागत नाही, आणि म्हणूनच त्यांचा करार कोणी बघत नाही. माझा भाऊ दहावी पास, हेच त्याला नडलं. परवानाधारक एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, हा नियम माझ्या टेबलापुढं बसलेल्या जवळजवळ कोणालाच माहीत नसतो. ब्रिटननं मार्च 2024 पासून केअर वर्करला कुटुंब सोबत नेणं बंद केलं आणि जुलै 2025 पासून त्या कामासाठी परदेशातून नवी भरतीच थांबवली. त्यानंतरही त्याच कामाचं स्वप्न दाखवून आगाऊ रक्कम मागितलेली माणसं माझ्याकडं आली. मी त्यांना थांबवलं. मी दुकानदार आहे. हे काम माझं आहे का?

पोर्तुगीज पासपोर्टचंही तसंच. अर्ज भरताना लोक विचारतात, "बाई, मत द्यायला येईल ना? चवथीला (गणेश चतुर्थीला) येऊन राहता येईल ना?" भारताचं नागरिकत्व जातं, मत जातं, ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं कार्ड, मिळालं तर येऊन राहता येतं पण नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशानं मात्र मिळू शकते, एवढं साधं सांगणारा सरकारी माणूस तालुक्याच्या गावी नाही. ज्याच्या कुळाचा दावा अजून चालू आहे, त्याच्यासाठी ही माहिती म्हणजे पोटाचा प्रश्न आहे.

आणि गेल्यावर? 2022 मध्ये जमीन बळकाव प्रकरणांसाठी तुम्हीच विशेष तपास पथक नेमलंत. परदेशी गेलेल्यांची, वारस दूर असलेल्यांची घरं आणि जमिनी खोट्या कागदांनी विकल्या गेल्या, तोवर त्या घरात राहणारा माणूस कुठं आहे याची नोंद कुठंच नव्हती. राज्यात 191 ग्रामपंचायती आहेत. त्यांतल्या एकाही ग्रामसभेत "आपल्या गावातले किती लोक बाहेर आहेत, कुठं आहेत, कशावर आहेत" हा विषय मी आजवर ऐकलेला नाही. राज्याच्या अनिवासी भारतीय व्यवहार खात्यानं 2008 मध्ये गोव्यातल्या स्थलांतराची पाहणी करून घेतली होती. त्यानंतर दोनदा खाणी बंद पडल्या, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं, महामारी आली, मोपाचा विमानतळ झाला. जुन्या आकड्यांवर आजचं धोरण कसं ठरणार?

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती चाळीसही जणांकडं आहे, सत्तेत असा किंवा विरोधात. गावनिहाय नवी पाहणी करा, आणि ती ग्रामपंचायतींमार्फत, चवथीच्या दिवसांत करा, कारण तेव्हाच बाहेरची माणसं घरात असतात आणि स्वतः सांगतील. "का गेलात" याच्याबरोबर "काय असतं तर गेला नसता" हेही त्यांना विचारा. डिचोली, वाळपई, पेडणे, सांगे, केपे इथल्या मामलेदार कचेरीत एक खिडकी द्या, जिथं दहावी पास मुलाचाही करार वाचून दिला जाईल आणि एजंटाचा परवाना तपासून मिळेल. पणजीला जायला सत्तरीतल्या बाईचा एक दिवस आणि एक रोजगार जातो. मुंडकार आणि कुळांच्या प्रलंबित दाव्यांचे तालुकावार आकडे दर अधिवेशनात सभागृहासमोर ठेवा. निवड आयोगानं वर्षभराच्या भरतीचं वेळापत्रक आधीच जाहीर करावं आणि पाळावं. कंत्राटी कामगाराला त्याचा करार संपायच्या तीन महिने आधी लेखी कळलं पाहिजे की पुढं काय. परतून येणाऱ्या चालकाला, वेल्डरला, कुकला, नर्सला त्याच्या बाहेरच्या अनुभवाचा दाखला इथं धरला जाईल, असं काहीतरी करा. आज तो परतल्यावर पुन्हा नवशिक्याच्या पगारावर उभा राहतो आणि सहा महिन्यांत माझ्याकडं पासपोर्टच्या नूतनीकरणाला येतो.

यातल्या बऱ्याच गोष्टींना मोठा निधी लागत नाही. येत्या अधिवेशनात तुमच्यापैकी एकानं तारांकित प्रश्न विचारला, की आपल्या मतदारसंघातल्या प्रत्येक पंचायतीतून किती लोक परदेशी आहेत, तरी काम सुरू होईल. खात्याकडं उत्तर नसेल, तर ते नाही हे तरी सभागृहाच्या नोंदीत येऊ द्या. अर्जाचा मसुदा लागला तर मी करून देईन.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक मतदार